कोरड्या शेडमधलं पाणी

नांदूरघाट सोडून केजच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला पत्र्याची एक शेड दिसते. पूर्वी तिथं सरकी पेंडीची पोती रचलेली असत. जागा शिवशंकरभाऊंची, लाइट त्यांच्या नावावर, कुलूपही त्यांचंच. पण गाव तिला चैतालीची शेड म्हणतं. भाऊंना त्याचा राग नाही. "डोकं तिचं, आपलं नुसतं कुलूप," असं ते चहाच्या टपरीवर सांगतात आणि सांगताना किल्ली बोटाभोवती फिरवतात.

चैताली म्हणजे शहादेव ओव्हाळ कंडक्टरची मुलगी. विहाराच्या मागच्या आळीत त्यांचं घर. गावातल्या जुन्या माणसांना ती आठवते ती डोक्यावर दळणाचा डबा घेऊन जाणारी, एका हातानं डबा धरलेली आणि दुसऱ्या हातात उघडं पुस्तक. पुस्तक वाचत ती गिरणीपर्यंत जायची आणि कधी ठेचकाळायची नाही. पायांना वाट पाठ होती.

गिरणी त्रिंबकनानांची. तिच्याविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. नानांच्या आधी गावात जी गिरणी होती तिथं ओव्हाळांच्या आळीचं दळण सगळ्यांच्या मागून निघे. डबा सकाळी ठेवावा आणि पीठ दिवेलागणीला न्यावं. नानांनी गिरणी टाकली आणि पहिल्याच दिवशी दारात उभं राहून सांगितलं, ज्याचा डबा आधी त्याचं दळण आधी. त्यावरून काही घरांची गिऱ्हाइकी तुटली. नानांनी ती तुटू दिली. त्यांचा दुसरा नेम असा, की गिऱ्हाइकाचं पीठ उडू द्यायचं नाही. पीठ जिथून पडतं त्या तोंडाला धोतराच्या जुन्या कापडाची बाही, तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधलेली. पेटीला जिथं फट दिसेल तिथं फडक्याचा बोळा. बाया म्हणायच्या, त्रिंबकच्या गिरणीत जेवढी ज्वारी द्यावी तेवढंच पीठ घरी येतं, माशीच्या पंखावर बसून गेलं तर तेवढंच कमी. चैताली त्या फडक्यांच्या, त्या ट्यूबच्या आणि गरम पिठाच्या वासात मोठी झाली.

रसायनशास्त्र शिकून ती हैदराबादला एका कारखान्यात लागली. तिथं दोन पदार्थांची गाठ घालायची म्हणजे आधी ते कशात तरी विरघळवायचे. मुठीएवढ्या मालासाठी पिंपभर द्राव. मग तो द्राव तापवून उडवायचा, परत धरायचा, उरला तो कुठं टाकायचा याची काळजी करायची. त्या वासानं तिचं डोकं दुपारनंतर ठणकायला लागे. तिथंच तिला कळलं की काही पदार्थ विरघळवावे लागत नाहीत. लोखंडी गोळ्यांमध्ये दोन्ही कोरडेच दळले, पुरेसे ठेचले, की ते एकमेकांत शिरतात आणि तिसराच पदार्थ होतो. उकळणं नाही, द्राव नाही.

शहादेव वारले. आई सिंधुबाई एकटी पडली आणि तिला हैदराबाद मानवेना. दोन वेळा नेली, दोन्ही वेळा ती खिडकीशी बसून राहिली आणि शेवटी म्हणाली, "बाय, हितं कुणी कुणाला कावून आलीस म्हणून इचारीत बी न्हाई." तेव्हा चैतालीनं ठरवलं की आपणच गावी जायचं आणि दळायचं ते गावात दळायचं.

दळायचं काय, तर युरिया आणि जिप्सम. जिप्सम आमच्या शेतकऱ्याला नवं नाही, चोपण जमिनीत टाकतात ते. युरियाचं दुखणं असं की तो टाकला की पाण्याबरोबर वाहतो, उन्हात उडतो, पिकाच्या तोंडी थोडाच लागतो. दोन्ही एकत्र दळून त्यांचे कण एकमेकांत बसवले तर तो सावकाश सुटतो. शिवशंकरभाऊंचं खताचं दुकान होतं, जमीन होती आणि नवीन काही दिसलं की हात घालायची खोड होती. त्यांनी शेड दिली. चैतालीनं एक गोळ्यांची चक्की आणली. आडवं लोखंडी पिंप, आत लोखंडी गोळे, ते गडगड फिरायचं. चालवायला माणूस हवा होता. तोवर घरोघर घरघंट्या येऊन त्रिंबकनानांची गिरणी बंद पडली होती. चैताली त्यांना बोलवायला गेली.

नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दळायचंच व्हतं तर हैदराबादला कावून गेलतीस?"

"दळण कसलं करायचं ते शिकायला, नाना."

"मंग शिकलीस का?"

"निम्मं शिकले. निम्मं तुमच्याकडं आहे."

नाना हसले आणि दुसऱ्या दिवशी डोक्याला टापशी बांधून शेडवर आले. पिंपाला त्यांनी नाव दिलं रांजण.

रांजणाचा माल उत्तम उतरला. दोन कोरडे पदार्थ आत टाकावेत, झाकण लावावं, फिरवावं. झाकण उघडलं की माल ओलसर निघे, नदीकाठच्या वाळूसारखा. नाना तो टोपल्यांत भरून शेडलगतच्या भाऊंच्या गोदामाच्या गच्चीवर कापडावर पसरत. आमच्याकडचं ऊन कुणाची वाट बघत नाही. दुपारपर्यंत माल खडखडीत होऊन जाई. चैताली तो तपासायला पुण्याला पाठवी, तिकडून उत्तर येई की उत्तम. एका हंगामात आसपासच्या रानांतून चांगला गवगवा झाला, आणि लोक माल मागायला आले तेव्हा लक्षात आलं की रांजणातून दिवसाकाठी निघतो तो माल एका मळ्यालाही पुरत नाही.

रांजण मोठा करून चालत नाही. गोळे मोठ्या पिंपात तसे आपटत नाहीत, मधला माल तसाच राहतो. म्हणून मग दुसरं यंत्र आलं. जाड लोखंडी नळी, आत एकमेकींत अडकून फिरणारे दोन मळसूत्री दांडे. एका टोकाकडून माल टाकत राहायचं, दांडे तो पुढं ढकलत, मळत, चेचत नेणार, आणि दुसऱ्या टोकानं तयार माल बाहेर पडत राहणार. थांबायचं नाही, उघडायचं नाही. आळीतल्या बायका बघायला आल्या तेव्हा त्यांतली एक म्हणाली, हा तर कुरडयांचा सोऱ्या. तेच नाव पडलं.

सोऱ्या विकत घेतलेला नव्हता. यंत्र बनवणाऱ्या कंपनीनं तो माघ पौर्णिमेपर्यंत चालवून बघायला दिला होता. तोवर तो दिवसभर नीट चालला तर ठेवायचा, नाहीतर ट्रक येऊन घेऊन जाणार. आणि तो गेला तर चैतालीला हैदराबादचा रस्ता धरावा लागणार होता, कारण रांजणाच्या मालावर शेड चालत नव्हती. सिंधुबाई त्याविषयी काही बोलत नसत. फक्त रोज सकाळी डबा देताना विचारत, "चाललं का गं ते?"

ते चालत नव्हतं.

कंपनीचा फिटर आला, त्यानं सोऱ्या बसवला, साध्या भुकटीवर फिरवून दाखवला आणि नळीच्या मधोमध वरच्या बाजूला असलेल्या पंजाएवढ्या तोंडावर बोट ठेवून म्हणाला, हे झाकण काढून ठेवायचं, आतली वाफ इथून जाईल. चैतालीला ते आधीच ठाऊक होतं. जिप्समच्या कणात पाणी कोंडलेलं असतं. हाताला कोरडंठाक लागतं, पण युरिया आत शिरला की तो त्या पाण्याला बाहेर काढतो आणि त्याच्या जागी स्वतः बसतो. दांड्यांच्या घासण्यानं नळी तापते, त्या पाण्याची वाफ होते आणि तिला जायला वाट हवी. तिनं झाकण काढलं आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून ठेवलं. फिटर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोऱ्या सुरू झाला. आधी माल छान आला, पांढरा, भुसभुशीत. चैतालीनं मुठीत घेतला आणि नानांना दाखवला. मग हळूहळू तो चिकटायला लागला. मग ओला झाला. मग ताकातल्या कण्यांसारखा रांधा होऊन पडायला लागला, आणि दुपारी मोटार कण्हत बंद पडली.

तेव्हापासून रोज हेच. सकाळी बरं, नंतर बिघाड.

हवा दमट असावी म्हणावं तर माघाचे दिवस, ओठ फुटत होते. युरियानं ओल धरली असेल म्हणून तिनं युरिया तव्यासारख्या तापलेल्या पत्र्यावर वाळवला. तरी रांधा. जिप्सम बदललं, रांधा. दांडे हळू फिरवले तर बराच वेळ नीट चाललं, तिला वाटलं सापडलं, आणि मग तेच. जोरात फिरवले तर लवकर रांधा. सकाळची थंडी कारण असेल म्हणून नळी आधीच तापवून घेतली, तर सकाळचं बरंही गेलं. तिनं फिटरला फोन लावला. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "मधलं झाकण उघडं आहे ना, म्याडम?"

तिनं भिंतीकडं पाहिलं. झाकण खिळ्यावर होतं. "उघडं आहे," ती म्हणाली.

"मग माल तुमचाच काहीतरी वेगळा आहे," तो म्हणाला.

रांजणात जो माल गुणाचा होता तो सोऱ्यात अवगुणी कसा झाला, हे तिला उमगेना. दोन्हीकडं तेच दोन पदार्थ, तेच प्रमाण. आपल्याला जे येतं असं वाटत होतं ते आपल्याला येतच नव्हतं की काय, अशी शंका तिला जेवताना यायची आणि घास हातात राहायचा. सिंधुबाई म्हणायच्या, "खा की. सोऱ्या काय तुझ्या ताटात बसलाय?"

मग एक दिवस घोटाळा आणखी वाढला. नाना भाचीच्या साखरपुड्याला वडवणीला गेले होते. चैतालीनं एकटीनंच सोऱ्या सुरू केला, आणि तो संध्याकाळपर्यंत एकसारखा चालला. माल कोरडा, पांढरा, जसा हवा तसा. सोऱ्याजवळ जमिनीवर थोडी भुकटी उडालेली दिसली. आपण घाईनं टाकत असू असं समजून तिनं ती झाडून घेतली. दुसऱ्या दिवशी नाना आले, सोबत पेढे आणले, सोऱ्या सुरू झाला आणि दुपारी रांधा.

शिवशंकरभाऊ हे बघत होते. ते खुर्चीवर बसून म्हणाले, "म्याडम, राग मानू नका. नाना नसले की तुमचा सोऱ्या गुणाचा होतोय."

नाना म्हणाले, "भाऊ, तुमी असल्यावर तर मोटारच बंद पडती."

दोघं हसले, पण हसणं लवकर संपलं. भाऊ चैतालीला बाहेर घेऊन गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हाताचा गुण असतोय. म्हातारा मानूस हाय, वाईट न्हाई, पण पौर्णिमेपर्यंत त्याला घरी बसवू. बघू तर काय होतंय."

चैताली हाताचा गुण मानणारी नव्हती. पण भाऊंचं बोलणं खोटं पाडायला तिच्याजवळ काही नव्हतं. नाना नसताना चालला होता, नाना आले आणि थांबला होता, हे तिनंच डोळ्यांनी पाहिलं होतं. ती दिवसभर नानांच्या हातांकडं बघत राहिली. ते काय वेगळं करतात? हात कोरडे. टोपली कोरडी. माल टाकायची त्यांची पद्धत तिच्यापेक्षा सावकाश आणि सारखी. सगळं नेहमीसारखं. त्यांनी कधी चुकून पाणी सांडलं नाही, घाई केली नाही. नानांच्याही ते ध्यानात आलं.

"ताई, माझ्या हाताकडं कावून बघायलीस?"

"काही नाही, नाना."

"भाऊ काय बोललं ते मला कळतंय. म्या घरी बसतो म्हणलं तर बसतो. पर मला कळू दे, माझं काय चुकतंय."

चूक दिसत असती तर सांगितली असती.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ऊन कलत असताना सोऱ्या पुन्हा बंद पडला. उद्या सकाळी ट्रक येणार होता. नानांनी नेहमीप्रमाणे सगळं झाडलं, पुसलं. चैताली दांड्यातला चिकटलेला रांधा खरवडत होती. हात बरबटले. ती शेडबाहेर आली आणि तारेवर वाळत घातलेलं एक फडकं ओढून त्याला हात पुसायला लागली.

फडकं ओलं होतं. नुसतं ओलं नाही, पिळलं तर पाणी गळेल एवढं. तिनं ते पिळलं आणि खरंच पाण्याची धार मातीत पडली. तिनं वास घेतला. युरियाचा उग्र वास.

ती फडकं हातात घेऊन उभी राहिली. या शेडमध्ये पाण्याचा थेंब आणायचा नाही असा तिचाच नियम होता. इथं कुणी कपडे धूत नव्हतं. मग तारेवर वाळायला काय घातलं होतं?

"नाना, हे कुठलं?"

"ते व्हय. सोऱ्यावरचं. रोजच भिजतंय. रातभर वाळवितो अन् सकाळी लावतो."

"सोऱ्यावर कुठं?"

नानांनी तिला आत नेलं आणि दाखवलं. फिटरनं सोऱ्या फिरवून दाखवला त्या दिवशी मधल्या तोंडातून भुकटी उडताना त्यांनी पाहिली होती. फिटर गेल्यावर त्यांनी फडक्याची चौघडी करून त्या तोंडावर ठेवली, वर पत्र्याचा तुकडा, आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून. रोज सकाळी लावायची, काम संपलं की काढायची.

"उडू दिलं न्हाई बघ चिमूटभर," नाना म्हणाले.

चैताली तिथंच पोत्यावर बसली. तिनं ते फडकं पाहिलं नव्हतं असं नाही. रोज पाहिलं होतं. पहिल्या दिवशी ते बघून तिला गिरणी आठवली होती आणि बरंही वाटलं होतं. दळणाच्या यंत्राला फडकं असायचंच, जसं दाराला उंबरा. बाहेरच्या कुणाच्या डोळ्याला ते खुपलं असतं, पण बाहेरचं कुणी ते लागलेलं असताना आलंच नव्हतं. भाऊही याच गावचे, त्यांच्याही आईचं दळण याच गिरणीतून आलेलं. खिळ्यावरचं झाकण सगळ्यांनी पाहिलं आणि तोंडावरचं फडकं कुणीच पाहिलं नाही. सकाळी कोरडं असायचं तोवर ते वाफ पिऊन घ्यायचं, थोडी जाऊ द्यायचं. एकदा भिजलं की वाफ कोंडायची, पाणी होऊन मालात परत उतरायची. वडवणीच्या दिवशी ते तारेवरच होतं.

हे नानांना कसं सांगावं ते तिला कळेना. ज्या माणसानं तिच्या आळीचं दळण ओळीनं काढलं, त्याच्या त्याच इमानानं हा घोळ केला होता.

"उद्या फडकं लावू नका, नाना."

"अन् माल उडाला तर?"

"उडू द्या."

नानांनी तिच्याकडं असं पाहिलं जसं तिनं उभ्या ज्वारीत गुरं सोडायला सांगितलं असावं. "ताई, म्या जलमभर कुणाचं उडू दिलं न्हाई."

"माहीत आहे. पण त्याच्याबरोबर पाणीही कोंडतंय."

"पानी आनलंय कुणी हितं?"

"दगडातलंच. जिप्समच्या आतलं."

नानांनी जिप्समची चिमूट घेतली, दोन बोटांत चोळली, फुंकली. ती उडून गेली. "ह्यात पानी?"

"आहे."

"मंग रांजणात बी तेच व्हतं की. तिथं कसं चाललं?"

चैताली खिडकीतून गच्चीच्या जिन्याकडं बघत राहिली.

"रांजण आपण उघडत होतो, नाना. तुम्ही माल वर नेऊन पसरत होता. निम्मं काम ऊन करत होतं. मी ते कधी हिशेबात धरलंच नाही."

नाना विचारात पडले. "म्हंजी आपल्या दोघांचं चुकलं."

"दोघांचं."

"भाऊंचं बी थोडं धर," नाना म्हणाले.

सकाळी ट्रक आला. ड्रायव्हरनं तो शेडसमोर उलटा लावला, मागचं फाळकं पाडलं आणि बाजेवर बसून चहा मागितला. आत सोऱ्या सुरू झालेला होता. मधल्या तोंडातून वाफेचा पांढरा दोर वर पत्र्याकडं चढत होता. त्याच्याबरोबर अधूनमधून भुकटी थुंकल्यासारखी बाहेर पडत होती, आणि ती पडली की नानांचा हात आपोआप खांद्याकडं जात होता. खांद्यावर फडकं होतं. ते हात परत खाली घेत.

थोड्या वेळानं ते उठले, गिरणीतली जुनी पसरट परात घरून घेऊन आले आणि तोंडाच्या खालच्या अंगाला ठेवली. वर काही झाकलं नाही. उडालेलं आता परातीत पडायला लागलं.

"चालंल का असं?" त्यांनी विचारलं.

"चालेल," चैताली म्हणाली.

पहिली घटका गेली. नेहमी बिघडायची वेळ आली. चैताली सोऱ्याच्या टोकाशी हात पुढं धरून उभी होती. माल तिच्या तळहातावर पडत होता, कोरडा आणि कोमट. ती वाट बघत होती की आता चिकटेल. तो चिकटला नाही. ऊन डोक्यावर आलं, सिंधुबाई डबा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. आज त्यांनी काही विचारलं नाही. ड्रायव्हर आत डोकावून म्हणाला, "भाऊ, भरायचं कधी? मला पुढं जायचंय."

शिवशंकरभाऊंनी टोपलीतून मूठभर माल घेतला, दाबला, सोडला. मुठीचा आकार धरला नाही, सगळा बोटांतून निसटला. त्यांनी नानांकडं पाहिलं. नाना सोऱ्याशेजारीच उभे होते, नेहमीसारखे, आणि सोऱ्या चालत होता. भाऊंना त्याचा मेळ लागेना. परवा आपण बोललो ते काय होतं आणि आज दिसतंय ते काय, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट उमटलं होतं.

"नाना असताना कसा काय चालतोय?" ते म्हणाले.

"तुमी बी हायेत की," नाना म्हणाले. "तरी चालतोय."

भाऊंनी ड्रायव्हरला फाळकं वर घ्यायला सांगितलं.

ट्रक रिकामा गेला. संध्याकाळी सोऱ्याचा आवाज जरा बदलला, कारण काय ते चैतालीला कळलं नाही. ती खाली वाकून कान लावून ऐकत राहिली, आणि तिच्याबरोबर नानाही वाकले. दोघांनाही काही उमगलं नाही. माल मात्र कोरडाच पडत होता.

काम थांबल्यावर नानांनी परातीतलं सगळं टोपलीत ओतलं. मग खांद्यावरचं फडकं घेऊन तारेपाशी गेले. ते वाळत घालायला त्यांनी हात वर केला, आणि फडकं कोरडंच आहे हे लक्षात येऊन तसेच उभे राहिले. त्याची घडी घालावी, घरी न्यावं की तिथंच ठेवावं, हे काही त्यांना ठरवता येईना.